मदत हवी आहे : कोपराच्या मॉडेलमध्ये तळहात फिरत नाही

नमस्कार मंडळी. मुलांना कोपराचा सांधा समजावा म्हणून माती आणि काठ्यांचं मॉडेल करतेय. वाकणं-सरळ होणं जमलं. दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला रिळासारखा भाग असतो, ट्रॉक्लिया. त्यावर अल्नाची, म्हणजे कोपराखालच्या करंगळीकडच्या हाडाची, खाच बसते. हात सरळ झाला की अल्नाचं मागचं टोक, जे आपण टेबलावर टेकवतो ते, दंडाच्या हाडाच्या मागच्या खळग्यात जातं आणि हात थांबतो. हे फार सुरेख दिसतंय.

अडलंय रेडियसपाशी, म्हणजे अंगठ्याकडच्या हाडापाशी. तिचं डोकं (कोपराकडचं टोक) चकतीसारखं, वरून किंचित खोलगट. तळहात पालथा-उताणा करताना ही चकती जागच्या जागी फिरायला हवी, आणि कोपर वाकवला की दंडाच्या हाडाच्या कॅपिट्युलम या गोल उंचवट्यावरून सरकायलाही हवी. स्वतःच्या कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या खळीत बोट ठेवून हात फिरवून बघा, चकती बोटाखाली फिरताना लागते! तिला धरून ठेवतो अॅन्युलर लिगामेंटचा पट्टा. त्याची दोन्ही टोकं अल्नालाच जोडलेली असतात, रेडियसला नाही.

मी रबरबँड लावला. घट्ट केला तर चकती अडते, सैल केला तर निसटते. खरा पट्टा खाली निमुळता होत रेडियसच्या मानेला धरतो, तसा आकार कशाने देता येईल? कापडी पट्टी, प्लास्टिकची नळी, आणखी काही? आणि तळहात पालथा करताना रेडियस अल्नाला ओलांडून जाते, तर मनगटाकडची जोडणी किती मोकळी ठेवू? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.