आधी अर्थिंग बघा, मग ट्रिमर फिरवा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की तुमच्या सिंथचा (विजेवर सूर काढणाऱ्या सिंथेसायझरचा) तांब्याच्या पट्ट्यांचा टच कीबोर्ड हलक्या बोटाला दाद देत नाही आणि सेन्सिटिव्हिटी वाढवली की हात न लावताच सूर लागतात. ट्रिमरला, म्हणजे सेन्सिटिव्हिटी कमी-जास्त करणाऱ्या छोट्या स्क्रूला, हात घालण्याआधी अर्थिंग तपासा. या पट्ट्या खरा दाब मोजत नाहीत. बोट टेकलं की पट्टीची कपॅसिटन्स (विजेचा भार साठवण्याची क्षमता) वाढते, बोट जास्त पसरलं की आणखी वाढते, आणि कीबोर्ड दाब म्हणून जे प्रेशरचं व्होल्टेज बाहेर देतो ते त्यावरच ठरतं. अडॅप्टर दोन पिनचा, म्हणजे अर्थिंगविना असला की हा सगळा हिशोब डळमळतो.

जळगावात माझ्याकडे हेच झालं. लाइट गेली, इन्व्हर्टर लागला की सूर आपोआप सुरू. सिंथ तीन पिनच्या, नीट अर्थिंग असलेल्या मिक्सरला जोडला आणि निम्मा त्रास तिथेच गेला.

मग पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आपल्याकडची धूळ माहीतच आहे. अर्धा तास सिंथ तापू द्या. चालू करताना पट्ट्यांना बोट लावू नका, बरेच कीबोर्ड त्याच क्षणी आपला शून्य ठरवतात. प्रेशर आउटला (ते व्होल्टेज जिथून बाहेर येतं त्या सॉकेटला) मल्टिमीटर लावा, करंगळी अलगद टेकवा आणि सूर जेमतेम लागेल इथपर्यंतच ट्रिमर फिरवा. स्क्रू ड्रायव्हर प्लास्टिकचाच घ्या, लोखंडी असला तर तो काढताच रीडिंग बदलतं.

मे महिन्यातल्या कोरड्या बोटांवर जमवलेलं सेटिंग जुलैच्या दमट हवेत फार तिखट, म्हणजे जास्तच सेन्सिटिव्ह लागतं. मी पाऊस स्थिरावला की पुन्हा एकदा ट्रिमर जुळवायला बसतो.