बाबांसाठी ५ डिस्कवाला डीव्हीडी प्लेअर, सेकंडहँड, घ्यावा का? कुणी वापरलाय?

पामबीच_वारा (नेरूळ)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा जुन्या जमान्यातला आहे, हसू नका. बाबा ७४ वर्षांचे, दिवाळीनंतर दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, चालतात ठीक पण खाली वाकणं, मांडी घालणं बंद. घरात अडीचशेच्या आसपास व्हीसीड्या आणि डीव्हीड्या आहेत, निम्मी तर मराठी नाटकंच. २००७ च्या सुमारास मोजर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ला काढली होती आठवतंय का, तेव्हापासून बाबांना जी सवय लागली ती लागलीच, ऑफिसातून येताना पिशवीत भाजी आणि भाजीवर सीडी. आता झालंय काय की आमचा साधा एक डिस्कवाला प्लेअर गेला, आणि बाबांना टीव्हीवर नाटक बघायचंय, मी मोबाईलवर शोधून दिलं तर म्हणतात हे माझं नाही. एका ओळखीतून कळलं की ठाण्याला कोपरीत एक काका त्यांचा ५ डिस्कवाला चेंजर विकतायत, ३५०० सांगतात, चालू आहे म्हणतात. नाटकाची व्हीसीडी दोन-तीनच्या सेटमध्ये असते तर सगळ्या एकदम घालून ठेवल्या की मधे उठायला नको असा माझा हिशोब. ज्यांनी वापरलाय त्यांनी खरं खरं सांगा, टिकतो का, आणि बघायला गेलो तर काय काय तपासू?

मामलेदार_तिखट (ठाणे, नौपाडा)

आमच्याकडे २००६ पासून आहे आणि अजून चालतोय, कंपनी सांगत नाही, नाहीतर इथे त्यावरच भांडण सुरू होईल. तुमचा हिशोब बरोबर आहे. व्हीसीडीत जेमतेम ७४ ते ८० मिनिटं मावतात, त्यामुळे अडीच तासांचं नाटक म्हणजे दोन डिस्क आणि थोडं लांबलं की तिसरी, आणि ती नेमकी रंगात आलेल्या सीनला संपते. चेंजरमध्ये तीनही लावून ठेवायच्या, पहिली संपली की आतली थाळी फिरते, घर्रर्र आवाज येतो आणि दुसरी लागते. मधे पंधरा-वीस सेकंद जातात तेवढ्यात पाणी पिऊन होतं. दुसरी मजा म्हणजे एक डिस्क चालू असताना ट्रे बाहेर काढून बाकीच्या चार बदलता येतात, आमची आई गणपतीत हेच करायची, आरत्यांची सीडी चालू, तोवर पुढची भजनं लावून ठेव.

आता वाईट. एक म्हणजे हा ऐसपैस असतो, रुंदी ४३ सेंटीमीटर आणि खोलीही जवळजवळ तेवढीच, हल्ली टीव्हीखाली जे वीतभर खोलीचं युनिट मिळतं त्यात बसत नाही, पुढे लोंबकळतो, आणि ट्रे उघडला की अजून बाहेर. दोन, ४३ इंची टीव्हीवर व्हीसीडी बघताना चित्र फुटलेलं दिसणारच, व्हीसीडीचं रिझोल्यूशन ३५२ बाय २८८, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६, म्हणजे व्हीसीडीत चौथा हिस्साही नसतो, तो प्लेअरचा दोष नाही. आणि टीव्हीवर चित्राच्या आकाराची सेटिंग ४:३ करा हो, लोक ती तशीच ताणलेली ठेवतात आणि मग नायिका बटाट्यासारखी दिसते.

खाडीपूल_७२ (कळवा)

मी उलटं सांगतो. घेऊ नका. आमचा चौथ्या वर्षी बसला. साध्या प्लेअरमध्ये ट्रे बाहेर येतो, आत जातो, संपलं. यात ट्रे वेगळा, त्यावर गोल फिरणारी थाळी वेगळी, थाळी कुठल्या नंबरवर आहे ते मोजायला सेन्सर वेगळा, आणि हे सगळं फिरवायला आत रबरी बेल्ट. बेल्ट ढिला पडला की थाळी अर्धवट थांबते, डिस्क लेन्सवर नीट बसत नाही आणि स्क्रीनवर येतं नो डिस्क. लोकांना वाटतं हेड, म्हणजे डिस्क वाचणारी लेन्स, गेलं. आमच्याकडे बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी आत असताना ट्रे जाम झाला, एका रिपेअरवाल्याकडे टाकला, तो तीन आठवडे "पार्ट येतोय" म्हणत राहिला, शेवटी मीच उचलून आणला, वरचं झाकण चार-पाच स्क्रू काढून उघडलं आणि बोटाने थाळी फिरवून डिस्क सोडवली. बेल्ट इतका सैल झाला होता की पुलीवरून आपोआप निसटला. भावजींनी सांगितलं गरम पाण्यात उकळ, उकळला, दोन महिने चालला, मग परत तेच. शेवटी मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन त्या मापाचा नवीन आणला, बेल्ट किरकोळ किमतीचा पण गाडीभाडं आणि अख्खा शनिवार.

तरीही घ्यायचाच असेल तर एक गोष्ट नक्की करा. जाताना घरची एक व्हीसीडी आणि एक डीव्हीडी दोन्ही घेऊन जा. सीडी-व्हीसीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि डीव्हीडीला ६५० चा, आत दोन्ही असतात. एक म्हातारा झाला तरी दुसरा चालतो. म्हणजे काकांनी डीव्हीडी लावून दाखवली, चकाचक, तुम्ही खूश होऊन पैसे दिले, घरी आलात आणि बाबांच्या सगळ्या व्हीसीड्या नो डिस्क. तुमचा तर अर्धा माल व्हीसीडी आहे.

वाशीची_वहिनी (वाशी, सेक्टर ९)

मला या विषयावर बोलायचा पूर्ण अधिकार आहे 😄 आमच्या दिरांनी अमेरिकेतून परत येताना ४०० डिस्कवाला आणला होता. हो चारशे. फ्रिजचा भाजीचा खण असतो ना तेवढा मोठा, आत डिस्क उभ्या गोलाकार लावायच्या. आम्ही सगळे बघायला जमलो, सोसायटीतले पण आले. पहिली गोष्ट म्हणजे तो ११० व्होल्टवाला, त्याला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला, तो एवढा जड की वाटावं वरवंटाच. दुसरी गोष्ट म्हणजे डीव्हीडी कुठल्या देशांत चालावी त्याचा रीजन नावाचा आकडा असतो, तिकडचा प्लेअर रीजन १ चा आणि आपल्याकडचा रीजन ५, त्यामुळे इथून घेतलेल्या ज्या डीव्हीडीवर ५ छापलेलं होतं त्या त्याने सरळ नाकारल्या. हिंदी पिक्चरच्या बऱ्याचशा ऑल रीजन असायच्या म्हणून त्या चालल्या. व्हीसीडी लावली तर चित्र वर-खाली पळायचं, टीव्हीच्या चित्राची तिकडची एनटीएससी सिस्टीम आणि आपली पाल. आणि चारशेतली आपली हवी ती शोधायची कशी, तर आधी कोणती डिस्क कितव्या खाचेत आहे ते वहीत लिहून ठेवायचं! आमच्याकडे ती वही अजून आहे, प्लेअर नाही. कारण एका संध्याकाळी ह्यांनी ट्रान्सफॉर्मर न लावता डायरेक्ट प्लगमध्ये घातला. फट्.

तर सांगायचं काय की काकांचा प्लेअर इथेच घेतलेला आहे का, मागच्या बाजूला व्होल्टेज आणि रीजनचा आकडा छापलेला असतो, ते आधी बघा. बाहेरून आणलेला असेल तर फुकट दिला तरी नको.

जीबी_सरकार (ऐरोली)

एवढा खटाटोप कशाला, सगळं हार्डडिस्कवर टाका आणि टीव्हीच्या यूएसबीला लावा. व्हीसीडी कॉम्प्युटरात टाकली की एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाईल दिसते, ती कॉपी करा, व्हीएलसी नावाच्या व्हिडिओ प्लेअरमध्ये चालते. टीव्हीने डॅट नाही ओळखली तर कन्व्हर्ट करून घ्या. अडीचशे डिस्क म्हणजे रोज दहा केल्या तरी महिन्याभरात काम खतम.

पामबीच_वारा (नेरूळ)

@जीबी_सरकार, केलं होतं दादा वीसेक नाटकांचं. पेनड्राईव्ह लावून दिला, बाबांनी दोन दिवस बघितलं आणि सोडलं. त्यांना कव्हर हातात घेऊन मागचं वाचायचं असतं, कोण कोण आहे, नेपथ्य कोणाचं, मग ठरवायचं. फाईलच्या यादीत ते होत नाही. तरी घरच्या लग्न-मुंजीच्या डिस्कचं करतो.

जीबी_सरकार (ऐरोली)

ते मात्र खरंच आधी कर. विकत घेतलेल्या डिस्क छापील असतात, त्यात ॲल्युमिनियमचा थर असतो. लग्नवाल्या व्हिडिओवाल्याने दिलेली असते ती बर्न केलेली, त्यात रंगासारखा केमिकलचा थर असतो आणि तो वर्षांनी उडतो. माझ्या मुंजीच्या डिस्कची शेवटची वीस मिनिटं गेली. भिक्षावळच गेली. आणि डिस्कवर फोटोचं स्टिकर चिकटवलेलं असेल तर ती तुमच्या त्या फिरत्या थाळीत अजिबात घालू नको, तोल जातो, आणि कड सुटली तर आत अडकते.

मामलेदार_तिखट (ठाणे, नौपाडा)

स्टिकरवाल्याशी १००% सहमत. अजून एक, व्हीसीडी उलटी, म्हणजे छापील बाजू खाली, ठेवू नका, लोकांना वाटतं चकचकीत बाजू जपायची. सीडी-व्हीसीडीत डेटाचा थर वरच्या छापील बाजूला अगदी पातळ लॅकरखाली असतो, तिथे ओरखडा गेला तर कायमची गेली. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मधे असतो म्हणून ती जरा दणकट. पावसाळ्यात तुमच्याकडे खाडीची हवा, बुरशीचे ठिपके येतात, मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही.

शिळफाटा_सिग्नल

एक बावळट प्रश्न. गुडघे दुखतात म्हणून डिस्क बदलायला उठायला नको, की *वाकायला* नको? कारण तुम्ही म्हणताय चालतात ठीक. मग प्लेअर टीव्हीखाली जमिनीजवळ ठेवलाय म्हणून त्रास आहे. साधा एक डिस्कवाला घेऊन बाबांच्या खुर्चीशेजारी टेबलावर ठेवला आणि तीन मीटरची वायर ओढली तर?

खाडीपूल_७२ (कळवा)

हे कोणालाच सुचलं नाही 😂

वायरवरून आठवलं, नवीन टीव्हीला नुसतं एचडीएमआय असेल आणि प्लेअरला फक्त पिवळी-लाल-पांढरी पिन असेल तर मधे कन्व्हर्टर लागतो. दुकानात एव्ही टू एचडीएमआय असं म्हणून मागा, एचडीएमआय टू एव्ही दिसायला डिट्टो तसाच असतो पण उलटा, तो काहीच करणार नाही. मी चुकून तोच आणला होता. आणि व्हीसीड्या आहेत म्हणून ब्लू-रे प्लेअर घ्यायच्या भानगडीत पडू नका, त्यातले बरेचसे व्हीसीडी वाचतच नाहीत.

पामबीच_वारा (नेरूळ)

अपडेट. रविवारी बाबांना घेऊनच कोपरीला गेलो, नेरूळहून थेट ठाणे लोकल पकडली. इथलं वाचून पिशवीत दोन व्हीसीडी, दोन डीव्हीडी आणि एक एमपी३ वाली अशा पाच नेल्या, पाचही खाचांत एक एक घातली. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता, म्हणाले परीक्षा घ्यायला आलात की काय. इथलाच आहे, मागे २३० व्होल्ट आणि रीजन ५ लिहिलेलं. चार नंबरची खाच सोडून सगळं चाललं, चारवर थाळी थोडी पुढे जाऊन थांबते आणि नो डिस्क. म्हणजे खाडीपूल साहेब, तुमचा बेल्टच. ते दाखवलं आणि २२०० ला ठरलं, रिमोट आणि वायरींसकट. काकूंनी पोहे दिले, बाबा आणि काका दीड तास नाटकांवर बोलत बसले, काकांनी त्यांच्याकडच्या तीन नाटकांच्या सीड्या वर फुकट दिल्या म्हणजे माझे अडीचशेचे आता २५३. येताना प्लेअर मांडीवर घेऊन बसलो, तुर्भ्याला चढलेल्या एका माणसाने विचारलं काय हो हे, बाबांनी जुईनगरपर्यंत समजावून सांगितलं.

@शिळफाटा_सिग्नल, तुमचं ऐकून टेबलावरच ठेवलाय, खुर्चीच्या उजव्या हाताला. आणि आता गंमत, बाबा फक्त एक नंबरची खाच वापरतात. पहिली डिस्क संपली की स्वतः ट्रे काढून दुसरी घालतात. म्हटलं अहो बाबा, पाच घालता येतात, तर म्हणाले मध्यंतर नको का, चहा कधी घ्यायचा.

वाशीची_वहिनी (वाशी, सेक्टर ९)

म्हणजे २२०० रुपयांत चहाची घंटा. छान झालं हो. आमची वही पाहिजे का?

पामबीच_वारा (नेरूळ)

😄 द्या वहिनी, बाबा खरंच लिहायला बसतील. @खाडीपूल_७२ बेल्टचं माप कसं घ्यायचं, जुना ताणलेला असेल तर तो मोजून उपयोग आहे का?

खाडीपूल_७२ (कळवा)

ताणलेला मोजू नका. दोन्ही पुलींभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी घ्या आणि त्यापेक्षा थोडा लहान बेल्ट मागा, आणि चौकोनी आहे का चपटा ते बघून जा. जुना पण खिशात ठेवा. झाकण उघडायच्या आधी प्लग काढा, वहिनींच्या घरचं वाचलंत ना.