इकोचा सायलेन्सर चोरीला गेला: ओरिजिनल बसवायचा की लोकल?

घाटमाथा (धागाकर्ता)

मेहुण्याच्या मारुती इको व्हॅनचा सायलेन्सर रात्रीत गेला. गाडी २०२१ ची, बीएस-६ (धुराचे नवे, कडक निकष), पेट्रोल-सीएनजी, पांढरी पाटी. सर्विस सेंटरने ५८ हजारांचं इस्टिमेट हातात दिलं. गल्लीतला गॅरेजवाला म्हणतो, "नऊ हजारात लोकल टाकून देतो, पीयूसी निघते, काळजी सोडा." मेहुणा त्याच्याकडे झुकलाय. माझं मत उलट आहे. मांडतो, मग झोडपा.

चोराला पत्र्याशी देणंघेणं नसतं, त्याला आतली 'माती' हवी असते. म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची सिरॅमिकची जाळी, जिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियमचा थर असतो. २०२१ मध्ये ऱ्होडियम औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेलं होतं. त्याच सुमारास गुजरातेत, मुंबईत, पुण्यात इकोवाल्यांची झोप उडाली. पुढे भाव खूप उतरला, पण चोरांना लागलेली चटक सुटली नाही. तर ज्या मातीसाठी माणूस मध्यरात्री गाडीखाली शिरतो, ती नऊ हजारांच्या सायलेन्सरमध्ये कितीशी असणार? त्या नऊ हजारांत पत्रा, मजुरी, दुकानदाराचा नफा, आणि काही उरलंच तर माती.

पीयूसी निघते हे खोटं नाही. पण पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. ते निस्तरण्याचं काम मुख्यतः ऱ्होडियमचं, आणि महागही तेच. स्वस्तातला माल बनवणारा हात कुठे आखडेल ते ओळखा.

म्हणून बीएस-६ गाडीला ओरिजिनलच. पैशाची अडचण असेल तर विम्याचा क्लेम करा.

पिवळी_पाटी

साहेब, बोलणं सोपंय. माझी इको २०१६ ची, शाळेची पोरं नेतो. विकायला काढली तर दोन लाख कोणी देणार नाही, आणि तिच्या पोटाखाली ५८ हजार लटकवू? गाडी रात्री त्याच रस्त्यावर उभी राहणार, पार्किंग कुठून आणू? ओरिजिनल दिसला की तेच लोक पुन्हा येणार. लोकलला चोर हात लावत नाही, हा फायदा तुमच्या हिशेबात आलाच नाही.

आणि ती नायट्रोजनची गोष्ट. सरकारच मोजत नाही तर मी का मोजू? समोरून धूर ओकत जाणारा डंपर दिसत नाही का कोणाला?

घाटमाथा

डंपरचं बरोबर आहे, पण डंपर तुमच्या व्हॅनच्या शेजारी पाच मिनिटं असतो. तुमची व्हॅन शाळेच्या फाटकात रोज चालू इंजिनावर उभी असते, आणि मागे पोरंच असतात.

पिवळी_पाटी

पोरांचं नाव काढलं की आम्ही गप्प बसायचं, असं आहे का? पोरांचे पालक महिन्याला शंभर रुपये वाढवून मागितले तर दुसरी व्हॅन बघतात.

सर्व्हेअर_नाशिक

क्लेमचा विषय निघालाय तर हिशेब मांडतो. खासगी गाडी आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी धरून. नुसती थर्ड पार्टी असेल तर एक रुपया मिळत नाही.

गाडी चार ते पाच वर्षांमधली असेल तर धातूच्या भागांवर ३५ टक्के घसारा. ५८ हजारांचे ३७,७०० राहतात. त्यातून सक्तीची वजावट १,००० (१५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला एवढीच). हाती ३६,७००. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर ५७ हजार, मग वादच नको. पाच वर्षं ओलांडली की घसारा ४० टक्के, दहानंतर ५०.

लोक विसरतात तो एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत. समजा ओडी (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम आठ हजार आहे आणि पुढच्या वर्षी तुम्ही ५० टक्क्यांवर जाणार होता. क्लेम केला की तो शून्यावर येतो, मग २०, २५, ३५, ४५ अशी पुन्हा चढण. या पाच वर्षांत गमावलेली सवलत एकूण १२५ टक्के, म्हणजे साधारण दहा हजार.

एफआयआर आधी. काही ठिकाणी नुसता अर्ज घेऊन शिक्का मारून परत पाठवतात, तेवढ्यावर क्लेम अडतो. आणि सर्व्हे होईपर्यंत नवीन काही बसवू नका.

पिवळी_पाटी

तुमच्याच आकड्यांनी बघू. ५८ मधून ३६,७०० गेले, खिशातून २१,३००. एनसीबीचे दहा धरा, ३१ हजारांच्या वर. लोकल नऊ. बावीस हजारांचा फरक राहिलाच की! आणि मी तर पिवळ्या पाटीवाला.

सर्व्हेअर_नाशिक

फरक राहतो, नाकारत नाही. पिवळ्या पाटीला आणखी एक मेख आहे. व्यावसायिक गाडीच्या पॉलिसीत अख्खी गाडी चोरीला गेल्याशिवाय फक्त ॲक्सेसरीज गेल्या तर भरपाई नाही, असं कलम असतं. माझ्या मते कन्व्हर्टर हा ॲक्सेसरी नव्हे, गाडीचा मूळ भाग आहे. त्याच्याशिवाय गाडी पासच झाली नसती. फॉर्मवर तसंच लिहा आणि नकार आला तर लेखी मागा.

जुना_बाजार

एवढी डोकेफोड कशाला? जुना ओरिजिनल घ्या. वीस-बावीस हजारात मिळतो, माती शाबूत, इंजिनचा दिवा लागत नाही. दोघांचंही समाधान.

घाटमाथा

आणि तो दुकानदाराकडे कुठून येतो? अपघातात स्क्रॅप झालेल्या इकोंचे असतील थोडे, बाकीचे तुमच्या-माझ्या गाड्यांचेच. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ घेणाऱ्यालाही लागतं. तिन्ही पर्यायांत हा सगळ्यात वाईट. लोकल बसवणारा निदान चोराचा धंदा तरी चालवत नाही.

जुना_बाजार

बिल देतात हो.

घाटमाथा

त्या बिलावर मूळ गाडीचा नंबर असतो का?

पाना_१०_१२

गॅरेज माझं आहे, दोन्ही बसवतो. तुम्ही सगळे 'लोकल' एकाच टोपलीत टाकताय.

एक, नुसता रिकामा डबा. आत जाळीच नाही. "पिकअप वाढतो" म्हणून खपवतात. हा मी बसवत नाही. गाडी मुळात कन्व्हर्टरसह पास झालेली असते, तो काढून टाकणं म्हणजे फेरफार. दोन, जाळी आहे पण थर नावापुरता. तीन, नावाजलेल्या पार्ट कंपनीचा, बिल आणि वॉरंटीसकट. हा नऊ हजारात येत नाही, दुपटीच्या पुढेच जातो.

बीएस-६ मध्ये कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. थर कमी पडला की मागच्या सेन्सरचं रीडिंगही पुढच्यासारखंच वरखाली व्हायला लागतं, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कळतं आणि इंजिनचा दिवा लागतो. मग काही जण मागचा सेन्सर स्पेसर लावून बाहेर ओढतात, दिवा विझतो. पुढे खरंच मिसफायर झाला (इंधन न जळताच जाळीत गेलं) तर जाळी वितळेपर्यंत मालकाला पत्ता नसतो, कारण तोवर दिव्याकडे बघायची सवयच मोडलेली असते.

माझं गिऱ्हाइकाला सांगणं: बीएस-६ ला ओरिजिनल, नाहीतर तिसऱ्या प्रकारचा, आणि दिवा न लागता हजार किलोमीटर झाल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. जुन्या बीएस-४ ला तिसरा पुरे. पिवळीपाटीभाऊ, तुमची २०१६ ची आहे, भांडण तुमचं नाहीच.

पिवळी_पाटी

मग हे आधी सांगायचं ना! दुप्पट म्हणजे अठरा-वीस. तेवढं जमेल, हप्त्यात.

सॅनहोजेकर

इकडे कॅलिफोर्नियात २००४ ते २००९ च्या प्रियसवाल्यांचं हेच दुखणं. पण इथे 'लोकल' हा शब्द मोघम राहत नाही. बाजारातल्या कन्व्हर्टरला राज्याच्या हवा मंडळाची मान्यता लागते, त्या आदेशाचा क्रमांक डब्यावर कोरलेला असतो. स्मॉग तपासणीत तो बघतात, नसेल तर नापास. मान्यता असलेल्याला पाच वर्षं किंवा ५० हजार मैलांची वॉरंटी. शिवाय १ जानेवारी २०२३ पासून सुटे कन्व्हर्टर कोणाकडून विकत घ्यायचे यावरच कायद्याने बंधन आलंय.

घाटमाथांना माझा विरोध इतकाच: ओरिजिनल की लोकल हे भांडण तपासणी कच्ची असते तिथेच होतं. चोराला गिऱ्हाईक मिळतं तेही त्याच कच्चेपणामुळे.

घाटमाथा

मान्य, पण मेहुण्याला उद्या गाडी हवी आहे, हवा मंडळ सुधारेपर्यंत थांबता येणार नाही. त्याचं झिरो डेप आहे हे आज कळलं, म्हणजे ओरिजिनलच. पानाभाऊ, खाली चोर अडवायला पिंजरा करून बसवता का? वेल्डिंग नको म्हणतोय तो.

पाना_१०_१२

करतो. नटांवर लॉक लावतो, वेल्डिंग केलं तर पुढच्या कामाला मलाच ग्राइंडर घ्यावा लागतो. पिंजरा सेन्सरच्या वायरला घासणार नाही एवढं बघायचं. आणि कन्व्हर्टरवर गाडीचा नंबर ठळक कोरून घ्या, त्याचे पैसे नाही घेत.