वही वाचली असेल, पण फाडलेली नाही म्हणे!

सातपुडा_सर्व्हिस (जळगाव)
जिनिंगवाले एक शेठ काल दुकानात आले. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपवर मेसेज (कंपनीचं नाव नको): "विशिष्ट परिस्थितीत, मर्यादित ग्राहकांच्या बाबतीत अनधिकृत प्रवेशाची शक्यता नाकारता येत नाही." फोन काउंटरवर ठेवून विचारतात, "भाऊ, मी मर्यादितमध्ये येतो का?" काय सांगू?

ही कला जुनी आहे. ३ जानेवारी २०१८, मेल्टडाउन-स्पेक्टर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोसेसर चिपमधले दोष, ज्यांतून डेटा चोरून वाचता यायचा. चिप बनवणाऱ्या इंटेलने लिहिलं, यातून डेटा बिघडवता, बदलता वा पुसता येईल असं आम्हाला वाटत नाही. अहो, पण भानगड वाचण्याची होती! चोराने अडत्याची खातेवही रात्रभर वाचली आणि दिवाणजी सांगतोय, एकही पान फाटलेलं नाही.

भुसावळ_टू_हिंजवडी
दादा, अर्धंच सांगितलंत. त्याच निवेदनात सुरुवातीलाच संवेदनशील माहिती गोळा होऊ शकते असंही होतं. सगळ्या कंपन्यांनी मिळून ९ जानेवारीला जाहीर करायचं ठरलं होतं, बातमी आधीच फुटली. पॅच (दोष बुजवणारा अपडेट) पोचायच्या आत सगळं सांगणं म्हणजे चोराला मळ्याची वाट दाखवणं. मी पॅच लिहिणाऱ्यांतला आहे, निवेदन लिहिणाऱ्यांतला नाही.

सातपुडा_सर्व्हिस
होतं ना! आणि त्याच वाक्यात उपकरणं "ठरल्याप्रमाणे चालत" असल्याचंही होतं. म्हणजे दोष नाहीच. कुलूप ठरल्याप्रमाणेच उघडतं, फक्त कुणाच्याही किल्लीने.

केळीबाग_रावेर
एकट्या इंटेलला कशाला धरता? स्पेक्टरच्या दुसऱ्या प्रकाराबद्दल दुसरी चिप कंपनी एएमडी म्हणाली, धोका "जवळपास शून्य". ११ जानेवारीला मान्य केलं की तो आपल्यालाही लागू आहे. केळीचा व्यापारी "जवळपास बोर्डाचाच भाव" म्हणाला की आम्ही आधी कटती (कपात) विचारतो.

भुसावळ_टू_हिंजवडी
पहिल्या दिवशी खरंच कळलेलं नसतं हो. लोकांचे पासवर्ड सांभाळणाऱ्या लास्टपासच्या सिस्टीममध्ये चोर शिरला, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं, ग्राहकांच्या डेटापर्यंत कुणी पोचल्याचा पुरावा नाही. त्या दिवशी हातात पुरावा नसेलही. मग काय, अंदाजाने बोंब मारायची?

तापीकाठ
२२ डिसेंबरला त्यांनीच सांगितलं, ग्राहकांच्या पासवर्डच्या तिजोऱ्यांचा बॅकअप चोराने उतरवून घेतला. मधल्या काळात लोकांनी "पुरावा नाही" म्हणजे "काही झालं नाही" असंच धरलं. "अजून शोधतोय, तोवर पासवर्ड बदला" असं लिहायला कोणता पुरावा लागतो? २०२२ पासून आपल्याकडे सर्ट-इनला (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) अशी घटना ६ तासांत कळवावी लागते. तिथे बरं जमतं!

भुसावळ_टू_हिंजवडी
"पासवर्ड बदला" हे पटलं. बाकी वकिलांच्या टेबलावरून गेलेला मजकूर असाच येणार, आणि कोर्टात उभं राहायचं असेल तर तुम्हीही तसाच लिहाल.

केळीबाग_रावेर
बठ्ठं ठीक शे, पन शेठच्या कॅमेऱ्याचं काय झालं?

सातपुडा_सर्व्हिस
डीव्हीआरचा (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डबा) पासवर्ड अजून कारखान्यातलाच होता. तो बदलला, नवं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकलं, राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरगावाहून कॅमेऱ्यापर्यंत पोचायची उघडी वाट, बंद केलं. आता सकाळपासून तीन फोन आलेत: धुळ्याहून जिनिंग दिसत नाही.