‘वाक्यातील चूक दुरुस्त करा’ हा प्रश्नप्रकार शाळेतून काढून टाकावा का?

पाटीपेन्सिल

मी मराठी माध्यमाच्या शाळेत बरीच वर्षे इंग्रजी शिकवते आहे आणि व्यवसायमालेत छापून येणारे चूक-दुरुस्तीचे तयार स्वाध्याय दहावीपर्यंत तरी बंद करावेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे. गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गाला ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ हे वाक्य दुरुस्तीसाठी होते. बहुतेकांनी ‘सिन्स’ खोडून ‘फॉर’ लिहिले आणि पेन खाली ठेवले. ‘ॲम लिव्हिंग’चे ‘हॅव बीन लिव्हिंग’ करायला हवे होते, पण त्याला कोणी हातही लावला नाही. कारण विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, “बाई, चूक एकच असते ना?” तिचे काय चुकले? आमच्या स्वाध्यायांनीच तिला हे शिकवले आहे. स्वतःच्या निबंधात मात्र चूक कुठे आहे हे तर सोडाच, ती आहे की नाही हेसुद्धा कोणी सांगत नाही. याच मुलीने ‘ही इज नोइंग’चे ‘ही नोज’ बिनचूक केले होते आणि त्याच वहीत दोन पाने पुढे, रजेच्या अर्जात, ‘आय ॲम हॅविंग फीवर’ असे लिहिले होते.

घड्याळीतास

बाईंचा अनुभव खरा असेल, पण निष्कर्ष मला मान्य नाही. मी स्पर्धापरीक्षांच्या वर्गात इंग्रजी शिकवतो. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तरीय परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात 60 मिनिटांत 100 प्रश्न सोडवायचे असतात. त्यांतले 25 इंग्रजीचे, प्रत्येकी दोन गुणांचे, आणि उत्तर चुकले तर अर्धा गुण कापला जातो. तिथे वाक्याचे तुकडे पाडून चुकीचा तुकडा ओळखायला सांगतात आणि ‘चूक नाही’ हाही पर्याय अनेकदा असतो, त्यामुळे ‘चूक एकच असते आणि ती असतेच’ ही सवय तिथे आपोआप मोडते. ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येते आणि आईवडील इंग्रजीत बोलतात, त्या घरातल्या मुलाला चूक कानाला खटकते. माझ्याकडे येणाऱ्या तालुक्याच्या मुलांना तो कान मिळालेला नाही. ‘वन ऑफ’ दिसले की पुढचे नाम अनेकवचनी आहे का ते पाहा, ‘नो सूनर’ आले की ‘दॅन’ शोधा, ‘व्हेन’ असेल तर खूण करा, ही त्यांची काठी आहे. तुम्ही ती शाळेतच काढून घेतलीत, तर विसाव्या वर्षी ती त्यांच्या हातात कोण देणार?

अर्धविराम

या वादाला अभ्यासकांच्या जगातही जुना इतिहास आहे. जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये असे मांडले की परभाषेतील लेखनाच्या वर्गात व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देणे निरुपयोगी, किंबहुना अपायकारक आहे आणि ते सोडून द्यावे. डेना फेरिस यांनी 1999 मध्ये त्याला उत्तर देताना हा निष्कर्ष घाईचा असल्याचे म्हटले. मात्र तो वाद विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या मजकुरावर शिक्षकाने लाल पेन चालवावे की नाही, याबद्दल होता. परक्या, मुद्दाम चुकवलेल्या वाक्यांबद्दल नव्हता. त्यामुळे या धाग्यावरील दोन्ही पक्षांनी त्याचा आधार बेतानेच घ्यावा.

मला अधिक उपयोगी वाटतो तो भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये केलेला भेद. हात घसरून होणारी चूक वेगळी, आणि शिकणाऱ्याच्या मनात तयार झालेल्या नियमातून होणारी चूक वेगळी. बाईंच्या वर्गातले वाक्य दुसऱ्या प्रकारचे आहे. मराठीत ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘2010 पासून’ या दोन्हींना एकच ‘पासून’ चालतो (इंग्रजीत पहिल्याला ‘फॉर’ आणि दुसऱ्याला ‘सिन्स’ लागतो), आणि ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतो आहे’ असे आपण सरळ वर्तमानकाळात म्हणतो. म्हणजे मुलाने मराठीशी पूर्ण इमान राखून ते वाक्य रचले आहे. ‘माझ्यावर रागावला’चे ‘अँग्री ऑन मी’ होते, ‘तिच्याशी लग्न केले’चे ‘मॅरीड विथ हर’ होते, आणि ‘जरी-तरी’ या जोडीमुळे ‘ऑल्दो’च्या पाठोपाठ ‘बट’ येतो. चूक नुसती खोडल्याने तिच्यामागचा ‘पासून’ जागचा हलत नाही.

दप्तराचेओझे

मी शिक्षक नाही, पालक आहे, त्यामुळे एकच तक्रार नोंदवतो. मुलीच्या व्यवसायमालेत ‘ही इज टॉलर दॅन मी’ हे वाक्य चुकीचे ठरवून ‘दॅन आय’ हेच उत्तर दिले आहे. आज इंग्रजी बोलणारे लोक सर्रास ‘दॅन मी’ म्हणतात. मुलीने ‘चूक नाही’ असे लिहिले आणि तिचा गुण गेला.

पाटीपेन्सिल

अर्धविराम यांनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा नीट मांडला. मी काय करते ते सांगते. निबंध तपासताना आठ-दहा वाक्ये उतरवून घेते आणि नाव न सांगता फळ्यावर लिहिते. किती चुका आहेत ते सांगत नाही, आणि एकदोन वाक्ये पूर्ण बरोबर असतात. मुले आधी ते वाक्य मराठीत सांगतात, मग इंग्रजीकडे वळतात. बरोबर वाक्यावर सर्वांत जास्त भांडण होते, कारण फळ्यावर लिहिलेले आहे म्हणजे त्यात काहीतरी खोट असणारच, अशी त्यांची समजूत असते. घड्याळीतास यांच्या ‘नो सूनर’ला माझा विरोध नाही, पण जे वाक्य मूल स्वतःहून कधीच लिहिणार नाही, त्यातली चूक शोधायला त्याला तेराव्या वर्षी का बसवायचे?

घड्याळीतास

हे ऐकायला छान आहे, पण साठ मुलांच्या वर्गात दर आठवड्याला साठ निबंध तपासून त्यांतली वाक्ये वेचणारे शिक्षक किती सापडतील? छापील स्वाध्याय सदोष असला तरी तो निदान प्रत्येक मुलापर्यंत पोहोचतो. बाकी ‘ऑल्दो’बद्दल एक सांगायचे राहिले. ‘ऑल्दो’नंतर ‘येट’ चालतो, म्हणजे ‘जरी-तरी’ची जोडी इंग्रजीत अगदीच परकी नाही, तेव्हा दोष जोडीचा नसून ‘बट’चा आहे, हे फळ्यावर सांगताना विसरू नये. ‘पासून’ची युक्ती मात्र मी उचलतो आहे. उद्या सकाळी सातच्या तुकडीला ‘सिन्स’ आणि ‘फॉर’च शिकवायचे आहेत.