९० वॅटचं ४०७० की १४० वॅटचं ४०६०? पातळ गेमिंग लॅपटॉपचं गणित सुटेना

माळरान

दोन लॅपटॉपवर येऊन अडकले आहे. जाणकारांनी मदत करावी.

पहिला १४ इंची. वजन दीड किलोच्या आसपास, सगळी बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, २८८०×१८०० ची ओलेड स्क्रीन (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारी), एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, पण ग्राफिक्सला जास्तीत जास्त ९० वॅट. रॅम १६ जीबी आणि तीही बोर्डावर सोल्डर केलेली.

दुसरा १६ इंची. अडीच किलोच्या घरात, प्लास्टिक बॉडी, १९२०×१२०० ची आयपीएस (साधी एलसीडी) स्क्रीन, आरटीएक्स ४०६०, ग्राफिक्सला १४० वॅटपर्यंत, रॅमचे दोन स्लॉट आणि एसएसडीचेही दोन.

दिवसा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये इमारतींची मॉडेलं करते, रात्री गेम खेळते. लॅपटॉप रोज पाठीवर असतो. खांद्याला विचाराल तर पहिला. पण जिथे बघावं तिथे एकच ऐकू येतं की पातळ लॅपटॉप तापतात, थ्रॉटल होतात (तापल्यावर स्वतःची गती कमी करतात), पैसे वाया. ९० वॅटवर ४०७० खरंच ४०६० च्या पायरीवर येतं का? तसं असेल तर वरचं कार्ड घेऊन मी नेमकं काय मिळवते? हा लॅपटॉप मला निदान चार-पाच वर्षं वापरायचा आहे, त्यामुळे नंतर काय काय बदलता येणार नाही तेही आत्ताच समजून घ्यायचंय.

निशाचर

पातळ घ्या, बिनधास्त. मी १४ इंचीच वापरतो. फ्रेमची मर्यादा ६० वर लावतो, पंखे बऱ्यापैकी शांत राहतात. अडीच किलोचा लॅपटॉप आणि त्याची ती वीट, म्हणजे चार्जर, दोन्ही रोज वागवणार असाल तर महिन्याभरात तो टेबलावरून हलणार नाही. मग लॅपटॉप घेतला कशाला?

हलक्या कामाला मी मूळ चार्जर नेतच नाही, १०० वॅटचा यूएसबी-सी चार्जर पुरतो. गेम खेळताना मात्र तो कमी पडतो, लावलेला असूनही बॅटरी हळूहळू उतरते.

पान्हा

माळरान, लॅपटॉप उघडून साफ करणं आणि दुरुस्त करणं हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. या विषयावर अर्धवट ऐकून लोक चुकीचं मशीन घेतात आणि मग वर्षभराने ते माझ्या टेबलावर येतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी कार्डाचं. वॅटच्या आकड्याने घाबरू नका. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४६०८ कोअर (हिशेब करणारे छोटे भाग) आहेत, ४०६० मध्ये ३०७२, म्हणजे दीडपट. चिपला लागणारी वीज क्लॉकच्या, म्हणजे चालण्याच्या गतीच्या, प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. क्लॉक वर न्यायचा तर व्होल्टेजही वर न्यावं लागतं. म्हणून शेवटची दहा टक्के गती फार महागात पडते, आणि जास्त कोअर सावकाश पळवणं हे कमी कोअर जिवाच्या आकांताने पळवण्यापेक्षा स्वस्त पडतं. ४०७० चा ९० वॅटवर इतका बोऱ्या वाजत नाही, तो यामुळेच.

उलट बाजूला, ४०६० च्या कागदावर १४० लिहिलंय ते ११५ अधिक डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे प्रोसेसरच्या वाट्यातून गरजेला मिळणारे, २५. प्रत्यक्षात बहुतेक गेममध्ये हे कार्ड १०० वॅटच्या आसपास थांबतं, कारण त्याची व्होल्टेजची मर्यादा आधी येते. वरचे वॅट नुसते उपलब्ध असतात, कार्ड ते घेत नाही. त्यामुळे तुमच्या दोन मशीनमध्ये ४०७० ९० वॅटवरही बरोबरीने किंवा थोडं पुढेच राहील. पण फार पुढे नाही, कारण दोघांची मेमरी सारखीच: ८ जीबी, १२८ बिटची बस (मेमरी आणि चिप यांच्यातला रस्ता). जिथे गेम मेमरीवर अडतो तिथे जास्तीचे कोअर बसून राहतात.

एक अट मात्र आहे. एनव्हिडियाने २०१७ साली पातळ लॅपटॉपच्या कार्डांच्या नावाला मॅक्स-क्यू ही जोड आणली तेव्हा कमी वॅटचं कार्ड नावावरून तरी ओळखू यायचं. ३० सिरीजपासून नावातली ती शेपटी गेली. लॅपटॉपचं ४०७० आज ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही असू शकतं आणि डब्यावर नाव तेच. ९० ठीक आहे. पन्नास-साठचं कोणी गळ्यात मारत असेल तर सरळ नको म्हणा.

आता पातळपणाची किंमत खरी कुठे मोजावी लागते ते सांगतो. बहुतेक पातळ मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच कूलिंगवर जगतात, उष्णता वाहून नेणारे हीट पाइप तरी सामायिक असतात नाहीतर वेपर चेंबर, म्हणजे तेच काम करणारी चपटी पोकळ पेटी. ग्राफिक्सने ९० घेतले की प्रोसेसरच्या वाट्याला अनेकदा पंचवीस-तीस वॅट उरतात. ज्या गेममध्ये गर्दीची शहरं असतात, सिम्युलेशन असतं, तिथे फ्रेम पडतात त्या प्रोसेसरमुळे आणि शिव्या खातं ग्राफिक्स कार्ड. तुमच्या ब्लेंडरमध्ये रेंडर कार्डावर असेल तोवर हे जाणवणार नाही. फिजिक्स सिम्युलेशन बेक करायला घेतलंत की जाणवेल.

दुसरं म्हणजे पंखे. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त वेगाने फिरावं लागतं आणि वेग वाढला की आवाज फार झपाट्याने चढतो. पातळ मशीनच्या आवाजाला एक बारीक शिट्टीसारखा सूर असतो, काहींना तोच त्रास देतो. आणि अ‍ॅल्युमिनियम हाताला तेवढ्याच तापमानाच्या प्लास्टिकपेक्षा जास्त चटका देतं, कारण ते उष्णता बोटात लगेच सोडतं. दोन्ही गोष्टी आकड्यांत दिसत नाहीत, पण रोज रात्री तुम्ही त्यांच्याबरोबरच बसणार आहात.

आता माझ्या टेबलावरचं. पातळ मशीन तापतंय म्हणून येतं, मालक म्हणतो मागची जाळी तर स्वच्छ आहे. असतेच. कचरा तिथे नसतोच. खालचं झाकण काढून पंखा उचलला की पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांच्या मधल्या फटीत कापसाची एक करडी पट्टी बसलेली दिसते, चिमट्याने धरली तर अख्खी निघते, नमद्याच्या तुकड्यासारखी. पातळ मशीनच्या पात्या इतक्या दाट असतात की धूळ त्यांच्यातून पलीकडे जातच नाही, आतल्या तोंडाशी अडकते. बाहेरून फुंकर मारून ती परत पंख्यात ढकलली जाते, एवढंच. वर्षातून एकदा उघडून साफ करणं पातळ मशीनला जाड्यापेक्षा जास्त गरजेचं आहे. साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, हवेच्या झोताने तो भरधाव फिरू द्यायचा नाही.

त्यातच लिक्विड मेटल. काही पातळ मशीनमध्ये प्रोसेसरवर साध्या पेस्टऐवजी हे असतं. उष्णता उत्तम वाहून नेतं, पण ते गॅलियमचं मिश्रण आहे: वीज वाहतं आणि अ‍ॅल्युमिनियम खातं. मी उघडलेल्या काही मशीनमध्ये ते चिपच्या एका कडेला गोळा होऊन दुसरा कोपरा कोरडा पडलेला होता. अशा वेळी एक-दोन कोअर बाकीच्यांपेक्षा बरेच जास्त तापलेले दिसतात. हे घरी उघडायचं काम नाही. तुमच्या मॉडेलमध्ये पेस्टच्या जागी फेज चेंज शीट, म्हणजे तापल्यावर मऊ होणारा पातळ थर, असेल तर उत्तम. ते साधारण ४५ अंशांना मऊ होतं आणि वर्षानुवर्षं जागा सोडत नाही.

राहिली रॅम. माझ्या मते तुमचा निर्णय इथे अडला पाहिजे, वॅटवर नाही. पंख्याचा आवाज सेटिंगने कमी होतो, उष्णता साफसफाईने कमी होते, एसएसडी बदलता येते, बॅटरी बदलता येते. सोल्डर केलेली रॅम आणि ग्राफिक्सची ८ जीबी मेमरी जन्मभर तेवढीच. १६ जीबीमध्ये ब्लेंडर, ब्राउझर, मोठी टेक्स्चर्स आणि त्यातूनच इंटिग्रेटेड (प्रोसेसरमधल्या) ग्राफिक्सचा हिस्सा, हे आजच टंचाईचं आहे. चार वर्षांनी काय होईल विचार करा. १४ इंचीच घ्यायचा तर ३२ जीबीचाच घ्या. तो मिळत नसेल तर १६ इंची घ्या.

सोल्डर करण्यामागे नुसता कंपन्यांचा लोभ आहे असंही नाही. एलपीडीडीआर५एक्स ही सोल्डरवाली रॅम बोर्डावर चिपला चिकटून बसते म्हणून कमी व्होल्टेजवर ७५०० च्या गतीने चालते, स्लॉटमधली डीडीआर५ साधारण ५६०० वर. बॅटरीही वाचते. यावर उपाय निघालाय, कॅम२ नावाचा स्क्रूने बसणारा मॉड्यूल. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेने त्याचं मानक डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. पण पातळ गेमिंग मशीनमध्ये तो सर्रास दिसत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर आज काही ठरवू नका.

रंगरेषा

पान्हांनी स्क्रीन सोडली, म्हणून लिहिते. २८८०×१८०० म्हणजे ५१.८४ लाख पिक्सेल, १९२०×१२०० म्हणजे २३.०४ लाख. सव्वादोन पट! १४ इंचीवर मूळ रिझोल्यूशनला खेळायला गेलात तर ४०७० ची सगळी आघाडी तिथेच संपते, शिवाय ८ जीबी मेमरी लवकर भरते. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) लावून खेळा, एवढ्या लहान स्क्रीनवर फरक शोधूनही सापडायचा नाही.

ओलेडचा काळा रंग आणि वेग यांना तोड नाही, गडद गेममध्ये तर डोळ्यांचं पारणं फिटतं. पण तुम्ही दिवसभर ब्लेंडर उघडा ठेवणार. तोच मेनू, तेच टूलबार, त्याच जागी. ओलेडवर अशा स्थिर गोष्टींचे ठसे उमटण्याचा धोका असतो. ब्राइटनेस आटोक्यात ठेवा, टास्कबार आपोआप लपेल असा लावा, डार्क थीम ठेवा. आणि बऱ्याच ओलेड स्क्रीन कमी ब्राइटनेसवर लुकलुकतात. डोळ्यांना दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. घेण्याआधी ब्राइटनेस अगदी कमी करून वीस मिनिटं काहीतरी वाचून बघा.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. मी नेमकं उलटं बघत होते, वॅटवर अडून बसले होते आणि रॅम एका ओळीत उरकली होती. १४ इंचीचा ३२ जीबीवाला प्रकार मिळतोय असं कळलं, आता मन तिकडेच झुकतंय.

पान्हा, एक शेवटचं. घेतल्यावर परत करायची मुदत असते, तेवढ्या काळात मशीन चांगलं आहे की नाही हे कसं तपासू? ९० वॅट खरंच मिळतायत का हे कुठे कळतं?

पान्हा

एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, तिथे कमाल ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते. तो झाला कागद. मग तुमचा सगळ्यात जड गेम लावा आणि अर्धा तास खेळा. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे सोडून द्या, तेव्हा हीटसिंक थंडच असतो आणि कुठलंही मशीन शहाण्यासारखं वागतं. अर्ध्या तासाने ग्राफिक्सचे वॅट आणि क्लॉक बघा. वॅट ८५-९० वर टिकून असतील तर मशीन शब्दाला जागतंय. ६०-७० वर येऊन बसले असतील आणि तुम्ही टर्बो मोडमध्येच असाल, तर परत करा.

प्रोसेसर गेममध्ये नव्वदीच्या आसपास दिसला तर घाबरू नका, एएमडी आणि इंटेल दोघांनीही मर्यादा ९५-१०० अंशांच्या आसपास ठेवलेली असते. बघायचं ते सगळ्या कोअरचं तापमान एकमेकांजवळ आहे का. एखादा कोअर बाकीच्यांना सोडून सतत पंधरा-वीस अंश वर असेल तर आतलं कूलिंग नीट बसलेलं नाही.

मग सायलेंट मोड लावून तोच गेम परत खेळा, आणि तो आवाज, त्या फ्रेम तुम्हाला चालतात का ते ठरवा. घरी रात्री तुम्ही बहुतेक वेळ त्याच मोडमध्ये असणार आहात. बॅटरीवर गेमची परीक्षा घेऊ नका, तिथे दोन्ही मशीन सारखीच ढेपाळतात. रोज प्लगला लावून काम करणार असाल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावून टाका.

आणि साफसफाईसाठी खालचं झाकण उघडलं तर वॉरंटी राहते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.