माहरीचं वागणं ताणलेलं नाही

एकांनी लिहिलंय की ‘द कलर ऑफ फ्रेंडशिप’ (2000) या चित्रपटात दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत शिकायला आलेली गोरी मुलगी माहरी आपलं यजमान कुटुंब कृष्णवर्णीय आहे हे पाहून खोलीचं दार लावून बसते, ते फारच ताणलंय. मला उलट तोच प्रसंग सर्वांत खरा वाटला.

गोष्ट 1977ची आहे. दक्षिण आफ्रिकेत 1950च्या कायद्यांनी प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद झालेली. वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, समुद्रकिनारेसुद्धा वेगळे. गोऱ्या घरातल्या मुलीला कृष्णवर्णीय माणसं दिसायची ती बहुतेक चाकरी करतानाच. तिच्या मनात दुष्टपणा नाही हो, यापेक्षा वेगळं जग असतं हेच तिला कोणी दाखवलेलं नाही. आणि यजमानांची मुलगी पायपर, तिनेही आफ्रिकेतून येणारी मुलगी काळीच असणार हे गृहीत धरलेलं असतंच की! दोघींचा भ्रमनिरास एकदमच होतो, म्हणून ती मैत्री मला पटली.

मुलांना दाखवणार असाल तर दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढणारे कृष्णवर्णीय नेते स्टीव्ह बिको कोण होते हे आधी सांगा. 12 सप्टेंबर 1977ला पोलीस कोठडीतल्या मारहाणीनंतर ते गेले, वय अवघं 30. हे माहीत नसेल तर मैत्रिणींमधला ताण मुलांना कळणारच नाही.

आणि पायपरचे वडील काल्पनिक नाहीत. रॉन डेलम्स खरेच अमेरिकी काँग्रेसचे सदस्य होते. दक्षिण आफ्रिकेवरच्या निर्बंधांसाठी ते वर्षानुवर्षं झगडले. 1986मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून तो कायदा झाला, तेव्हा या चित्रपटातल्या काळाला नऊ वर्षं उलटली होती.